सीसीएनए (सिस्कोची नेटवर्किंगची परीक्षा) झालं, पण नेटवर्क बंद पडलं की काही सुचत नाही. ट्रबलशूटिंग शिकायचं कसं?

तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, कारण बारा-तेरा वर्षांपूर्वी मीही हेच म्हणत होतो. सबनेटिंग (आयपी पत्त्यांचे गट पाडणं) तोंडपाठ, ओएसआयचे सात लेयर (नेटवर्कच्या कामाचे सात थर) झोपेतून उठवलं तरी सांगेन, पण 'नेट चालत नाही' असा फोन आला की पहिला हात कुठे घालायचा तेच कळायचं नाही. तुम्ही डिप्लोमा करून सपोर्टला लागलात, सहा महिने झालेत, आणि आता विचारताय की आणखी कोणता कोर्स करू. कोर्स तूर्तास राहू द्या.

क्लासमध्ये नेटवर्क उभं करायला शिकवतात. व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगवेगळी नेटवर्कं) बनवा, ओएसपीएफ (राउटरांनी आपसात रस्ते ठरवायची पद्धत) लावा, पिंग लागलं की पुढचा धडा. मोडलेलं नेटवर्क कुणी समोर ठेवत नाही, आणि धडधाकट नेटवर्क आतून कसं दिसतं तेही कुणी निवांत बघायला लावत नाही. माझ्या मते खरी गोम इथेच आहे. ज्याने चांगल्या पोर्टचे काउंटर (किती डेटा आला-गेला, किती बिघडला याची मोजणी) कधी पाहिलेच नाहीत त्याला बिघडलेल्या पोर्टचे काउंटर दाखवले तरी सगळे आकडे सारखेच.

माझी फजिती सांगतो. नोकरीचं पहिलंच वर्ष, कोल्हापूर-सांगली पट्ट्यातला एक साखर कारखाना, गळीत हंगाम ऐन भरात. वजनकाट्याच्या केबिनमधले कॉम्प्युटर ऑफिसातल्या सर्व्हरला जोडलेले. ट्रॉली काट्यावर चढली की वजन नोंदवायचं, गाडीचा फोटो सर्व्हरवर जायचा, मग पावती निघायची. तक्रार अशी, की पहाटे सगळं सुरळीत चालतं आणि गर्दी झाली की पावती अडकते. बाहेर ट्रॅक्टरांची रांग, रांगेत मधूनमधून बैलगाड्या, ड्रायव्हर खिडकीतून डोकावून 'काय झालं ओ?' विचारतायत आणि मी मांडीवर लॅपटॉप घेऊन घामाघूम.

मी सर्व्हरला पिंग मारलं. चारपैकी चार उत्तरं, तीही एका मिलिसेकंदाच्या आत. लगेच जाहीर करून टाकलं की नेटवर्क ठणठणीत आहे, सॉफ्टवेअरवाल्याला बोलवा. तो आला आणि म्हणाला, नेटवर्कच खराब आहे. तुझं की माझं करण्यात दोन दिवस गेले.

यात पिंगचा काही दोष नाही. माइक मूस नावाच्या अमेरिकन माणसाने १९८३च्या डिसेंबरात ते लिहिलं आणि नाव ठेवलं पाणबुड्यांच्या सोनारवरून. आवाज सोडायचा, प्रतिध्वनी येतो का बघायचं, एवढंच त्याचं काम. त्यात विंडोजचं साधं पिंग ३२ बाइट पाठवतं, सेकंदाला एकदा, असं चार वेळा. गाडीचा फोटो म्हणजे दीड-दीड हजार बाइटच्या फ्रेमची (डेटाच्या गठ्ठ्यांची) माळ, शिवाय उलट्या दिशेने त्यांच्या पोचा. पुलावरून सायकल गेली म्हणून उसाची ट्रॉलीही जाईल असं नसतं.

तिसऱ्या दिवशी आमचे सर आले. त्यांनी लॅपटॉप उघडलाच नाही. काट्यावरच्या ऑपरेटरसाठी चहा मागवला आणि विचारलं, "हे कधीपासून होतंय?"

"दिवाळीनंतर."

"त्या सुमारास काय बदललं होतं?"

"काहीच नाही, साहेब."

(हे वाक्य तुम्हाला प्रत्येक साइटवर ऐकायला मिळेल. ऐकून घ्या आणि थांबा.) सर गप्प बसले. चहा संपता संपता ऑपरेटरच म्हणाला, "तेवढी ती डबी जळली होती बघा वीज पडली तेव्हा. दुसरी बसवली."

डबी म्हणजे मीडिया कन्व्हर्टर. तांब्याची केबल १०० मीटरपर्यंतच न्यायची असते आणि काटा ऑफिसपासून त्याहून बराच लांब. म्हणून मध्ये फायबर आणि दोन्ही टोकांना एकेक डबी. केबिनमधली डबी तिथल्याच स्विचच्या एका पोर्टला लावलेली होती.

सरांनी कन्सोल केबल लावली, 'शो इंटरफेसेस' मारलं आणि त्या पोर्टचे एररचे आकडे वहीत लिहून घेतले. मग म्हणाले, आता दोन-तीन ट्रॉल्या जाऊ दे. त्या गेल्यावर पुन्हा आकडे बघितले. सीआरसी (बिघडून आलेल्या फ्रेम) वाढलेले, रंट्सही (अर्धवट तुटलेल्या फ्रेम) वाढलेले. शेजारच्या पोर्टवर दोन्ही शून्य. मी हेच आकडे आदल्या दिवशी पाहिले होते, पण एकदाच. नुसता आकडा बघून काही समजत नाही. तो वाढतोय का, कशासोबत वाढतोय आणि शेजाऱ्याचा किती आहे, हे बघावं लागतं.

मग कॉन्फिग (स्विचची सेटिंग) उघडलं. पोर्ट १०० एमबीपीएस, फुल डुप्लेक्स (दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलणं), असा हाताने बांधून ठेवलेला. जुनी डबीही तशीच बांधलेली होती म्हणून इतकी वर्षं जमून गेलं. नवी आली ती ऑटोवर.

यात काय होतं ते नीट समजून घ्या, मुलाखतीतही विचारतात. ऑटोनिगोशिएशन ही दोन टोकांची बोलणी आहे. एका टोकाला स्पीड आणि डुप्लेक्स हाताने ठरवून दिले की ते टोक बोलणी करतच नाही. ऑटोवरच्या टोकाला सिग्नलवरून स्पीड ओळखता येतो, डुप्लेक्स मात्र ओळखता येत नाही. अशा वेळी नियमाप्रमाणे ते हाफ (एका वेळी एकानेच बोलणं) धरतं. म्हणजे स्विच हवं तेव्हा बोलतोय आणि डबी मात्र लाइन मोकळी झाली की मगच तोंड उघडणार. डबीची फ्रेम अर्धी गेलेली असताना समोरून स्विचची फ्रेम आली की डबीला वाटतं टक्कर झाली, आणि ती आपली फ्रेम तिथेच सोडून देते. तीच तुटकी फ्रेम स्विचवर सीआरसी किंवा रंट म्हणून मोजली जाते. वर्दळ कमी असली की टकरा क्वचित होतात. रांग लागली, दोन्ही दिशांनी डेटा धावू लागला, की सगळं अडतं. आणि लिंकचा दिवा दोन्हीकडे हिरवागार.

पोर्ट ऑटोवर टाकला, झालं. पुढची ट्रॉली काट्यावर चढली आणि पावती बाहेर आली. सरांनी पोर्टखाली कागदी टेप चिकटवून त्यावर पेनाने लिहिलं: 'ऑटो. हात लावू नये.'

आता तुमच्या कामाचं. फोन आला की मी चार गोष्टी विचारतो: एकट्याला होतंय की सगळ्यांना, कधीपासून, नक्की काय उघडत नाही, आणि काय अजून चालतंय. चौथा प्रश्न नवी पोरं विचारतच नाहीत, पण अर्धं काम तोच करतो. त्याच पीसीवर व्हॉट्सॲप चालतंय आणि फक्त कंपनीचा ईआरपी (कामकाजाचं सॉफ्टवेअर) उघडत नाही असं कळलं, की केबल, आयपी, गेटवे (बाहेर जायचा राउटर), इंटरनेट सगळे एका फटक्यात निर्दोष सुटले. त्यांना पुन्हा तपासत बसायचं नाही. दर वेळी पहिल्या लेयरपासून पायरी पायरीने चढू नका, मधूनच कापा. गेटवेला पिंग लागलं तर खालचा भाग सध्या बाजूला ठेवा, नाही लागलं तर वरचा.

काही खुणा तर बघताक्षणी बोलतात. पीसीला १६९.२५४ने सुरू होणारा आयपी आलाय म्हणजे त्याला डीएचसीपी सर्व्हर (आयपी पत्ते वाटणारा) सापडलेला नाही. तुमचं ऑफिस १०च्या रेंजवर असताना एखाद्याला १९२.१६८.० वाला पत्ता मिळाला, तर कुणीतरी घरचा वायफाय राउटर आणून त्याचा लॅन पोर्ट भिंतीतल्या जॅकला खोचलाय. अशा वेळी टेबलांखाली वाकून बघा, बहुतेकदा कॉन्फरन्स रूममध्ये सापडतो. ८.८.८.८ला (गूगलच्या सर्व्हरला) पिंग लागतंय पण नावाने साइट उघडत नाही, तर डीएनएसकडे (नावावरून आयपी शोधून देणाऱ्याकडे) वळा.

ट्रेसराउटमध्ये (पॅकेट कोणकोणत्या राउटरमधून जातं ते दाखवणारी कमांड) मध्येच तारे दिसले की 'तिथे तुटलंय' म्हणून आयएसपीशी भांडू नका. मधले राउटर पुष्कळदा अशा प्रश्नांना उत्तर देतच नाहीत, किंवा हातातलं काम आटोपल्यावर देतात. पुढचे हॉप नीट उत्तर देत असतील तर ते तारे सोडून द्या.

वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेटं पकडून दाखवणारं सॉफ्टवेअर) मात्र आजच टाका, फुकट आहे. सुरुवातीला पॅकेटांचा पूर बघून गरगरतं, म्हणून एकच गोष्ट बघायची. फिल्टरमध्ये डीएचसीपी टाका, विंडोजवर आयपी रिलीज करून रिन्यू करा. डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, ॲक ही चार पॅकेटं डोळ्यांनी जाताना दिसतील. मग घरच्या राउटरवर डीएचसीपी बंद करा (घरच्यांना सांगून, सिरियल चालू असताना नको) आणि पुन्हा तेच करा. आता डिस्कव्हर एकटाच हाका मारतोय आणि ओ कुणीच देत नाही. हे एकदा पाहिलं की १६९.२५४ पाठ करावं लागत नाही.

दुसरा प्रयोग टीसीपीचा. बंद पोर्टवर कनेक्शन करून बघा. सिन (कनेक्शनची विनंती) गेला आणि उलट आरएसटी (नकार) आला, म्हणजे समोरच्या मशीनपर्यंत पोचलात, तिथली सर्व्हिस बंद आहे. सिन पुन्हा पुन्हा जातोय आणि परत काहीच येत नाही, म्हणजे बहुधा वाटेत फायरवॉल गिळतोय किंवा परतीचा रस्ता नाही. एवढा एक फरक दाखवता आला तरी सर्व्हर टीमशी होणारी निम्मी भांडणं मिटतात.

पॅकेट ट्रेसर (कॉम्प्युटरवरच आभासी नेटवर्क बनवायचं सिस्कोचं सॉफ्टवेअर) उभारणीच्या सरावाला चांगला आहे, पण त्यात विजेने जळलेली डबी मिळत नाही. एक जुना मॅनेज्ड स्विच मिळवा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला चौकशी करा, नाहीतर ऑफिसच्या भंगारात बघा. एक पॅच केबल क्रिम्प करताना मुद्दाम निळी जोडी सोडून द्या. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला नारिंगी आणि हिरव्या या दोनच पुरतात. बहुतेक कार्डं निमूटपणे १००वर उतरतात आणि कुणालाच काही कळत नाही. साइटवर 'नेट स्लो आहे' ऐकलं की मी आता सगळ्यात आधी लिंक स्पीड बघतो. आणि मित्राला सांगा, माझ्या माघारी काहीतरी एक मोडून ठेव, पण काय ते सांगू नकोस.

दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि बदलण्याआधी चालू कॉन्फिग कॉपी करून ठेवा. हे सगळेच सांगतात आणि घाईत सगळेच विसरतात.

मी तर एका रात्री दूरच्या शाखेतल्या सिस्कोच्या स्विचवर ट्रंकला (अनेक व्हीलॅन नेणाऱ्या लिंकला) व्हीलॅन ३० वाढवायला गेलो आणि 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०' मारलं. 'अलाउड व्हीलॅन ॲड ३०' मधला ३०च्या आधीचा 'ॲड' हा शब्द राहिला. तो राहिला की यादीत भर पडत नाही, आख्खी यादीच बदलते. मॅनेजमेंटचा व्हीलॅन गेला, माझं सेशन गेलं, शाखा गेली. रात्री अकराला मोटरसायकल काढली.

तेव्हापासून लांबच्या स्विचला हात लावण्याआधी मी 'रीलोड इन १०' मारतो. काही बिनसलं आणि बाहेर फेकलो गेलो, तर कॉन्फिग सेव्ह केलेलं नसल्यामुळे दहा मिनिटांनी स्विच आपोआप रीबूट होऊन जुन्या कॉन्फिगवर परत येतो. काम नीट झालं की आधी 'रीलोड कॅन्सल', मग सेव्ह. कॅन्सल करायचं मात्र विसरू नका. तेही मी एकदा विसरलोय, भर दुपारी, पगाराच्या दिवशी.