तिसऱ्या (शिंपल्या), कोळंबी आणि चिंबोरी (खेकडा): घाटावर आणल्यावर टिकवायची कशी?

प्रश्न : चिपळूणहून दोन किलो तिसऱ्या आणल्या. स्वच्छ धुऊन, डब्यात पाणी घालून, घट्ट झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवल्या. दुसऱ्या दिवशी निम्म्या तोंड वासून पडलेल्या. काय चुकलं? (एक वाचक, कराड)

उत्तर : पाणी आणि झाकण. तिसरी खाडीच्या खाऱ्या पाण्यातली. नळाच्या गोड पाण्यात ती फुगते आणि मरते. घट्ट डब्यात हवा संपते, मग गुदमरते. शिंपला मिटलेला असला की आतलं खारं पाणी धरून ती थंडीत तग धरते, तेव्हा तिला बाहेरून पाणी देऊच नये.

कुंभार्ली घाट चढण्याआधी थर्माकोलच्या पेटीत तळाला बर्फ, त्यावर गोणपाटाची जाड घडी आणि वर तिसऱ्या ठेवा. पेटीला खाली भोक हवंच, कारण बर्फाचं पाणीही गोडंच. घरी आल्यावर न धुता चाळणीत पसरा, खाली परात ठेवा, वर ओला करून पिळलेला सुती पंचा टाका. खालच्या कप्प्यात, ४ अंशांच्या आसपास. परातीतलं पाणी सकाळ-संध्याकाळ ओता आणि दुसऱ्या दिवशी शिजवाच.

शिजवण्याआधी लिटरभर पाण्यात ३० ग्रॅम खडे मीठ विरघळवून त्यात दोन तास ठेवा, म्हणजे रेती सुटते. हे फ्रिजबाहेर करा, गारठ्यात त्या तोंड उघडत नाहीत. नंतर हाताने वर काढा. भांडं चाळणीत उपडं केलं तर खाली बसलेली रेती पुन्हा तिसऱ्यांवरच येते.

उघडी दिसली की लगेच टाकू नका. दहा मिनिटं बाहेर ठेवून टिचकी मारा. मिटली तर जिवंत. न मिटलेली आणि फुटक्या शिंपल्याची टाकायची, तिथे दोन किलोचा हिशेब करू नये.

प्रश्न : तिसऱ्या फ्रीजरमध्ये चालतील का? वीज गेली तर? (मिरज)

उत्तर : शिंपल्यासकट कच्च्या नकोत. वाफेवर उघडू द्या, मांस काढा, सुटलेलं पाणी फडक्यातून गाळून त्यातच बुडवून गोठवा. उणे १८ अंशांना दोन महिने चव राहते. कोरडं मांस गोठवलं की चिवट होतं. वीज गेल्यावर दार उघडलं नाही तर फ्रिजचा खालचा कप्पा साधारण चार तास थंडी धरतो.

प्रश्न : कोळंबीचं डोकं काळं पडतं आणि चिंबोरी फ्रिजमध्ये मरते. का? (विटा)

उत्तर : काळेपणा म्हणजे सडणं नव्हे. कोळंबीतलं एन्झाइम हवेशी मिळून रंग बदलतं, कापलेलं वांगं काळवंडतं तसंच. पण डोक्यातले पाचकरस मांस मऊ करतात, म्हणून आणल्याबरोबर डोकं काढा आणि कोळंबीइतकाच बर्फ घाला. पाणी निथळू द्या.

चिंबोरीचं उलटं. खाडीच्या चिंबोरीला फ्रिजची थंडी सोसत नाही. नांग्या बांधून, ओल्या गोणपाटात, घरातल्या गार कोपऱ्यात ठेवा आणि त्याच दिवशी करा. शिजवण्याआधी मेलेली चिंबोरी मात्र रश्शात घालू नये, मांस आतून झपाट्याने विरघळायला लागलेलं असतं.