मलकापुरात झोपलो होतो

ताई, मी लातूरचा. दहाचाकी गाडी स्वतःची आहे, हप्ते चालू आहेत. तूरडाळ भरून सोलापूर, कोल्हापूर, आंबा घाट असा रत्नागिरीला जातो. मागच्या वर्षी क्लीनर सोडून गेला, तेव्हापासून एकटाच. पावसाळ्यात बायको तासातासाला फोन करते, कुठं आलात, पाऊस आहे का. घाटात धुकं असतं, काच आतून धुरकटते, एका हातानं फडकं मारत गाडी उतरवावी लागते, त्यात हिचा फोन. म्हणून घाटाच्या आधी फोन बंद करतो आणि खाली गेल्यावर सांगतो, घाटाच्या वर मलकापुरात ढाब्यावर झोपलो होतो. पहाटे पोचतो, हमाल येईपर्यंत केबिनमध्येच पडतो. उशीर झाला तर व्यापारी भाड्यातून कापतो, ई-वे बिलालाही, म्हणजे माल नेण्याच्या ऑनलाइन कागदाला, मुदत असते. वीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही, तरी हिचा विश्वास नाही. आता म्हणते गाडी विका. तिला कसं समजावू?
एक गाडीवाला, लातूर

भाऊ,

सगळं पत्र बायकोबद्दल आणि मलकापूरबद्दल एकच ओळ. मला त्या ओळीच्या पुढे जाताच येईना.

झोपलो होतो, असंच का सांगता? पंक्चर काढत होतो, जेवायला थांबलो होतो, काहीही सांगता आलं असतं. पण तुमच्या तोंडून झोपच निघते. कारण त्या वेळी गाडी बाजूला लावून आडवं व्हायला हवं होतं, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. इतकी वर्षं स्टिअरिंगवर काढलेल्या माणसाला ते मी शिकवायला नको.

आता पुढचं ऐका, मला त्याचीच जास्त भीती वाटते. रात्री दीड-दोनला तुम्ही भरल्या गाडीनिशी आंब्याच्या वळणांवर असता. डावीकडची कड बघून ओरडायला क्लीनर नाही. फोन बंद. आणि बायकोला एव्हाना सवय झालेली असणार, की फोन लागला नाही म्हणजे हे मलकापुरात झोपलेत. उद्या गाडी कठडा तोडून गेली, तर सकाळ उजाडेपर्यंत ती कुणाला कळवणारसुद्धा नाही. कळवलं तरी माणसं घाटाच्या वरच्या अंगाला ढाबे धुंडाळत बसतील. त्या दोन तासांत तुम्ही कुठे आहात, हे जगात एकाही माणसाला माहीत नसतं. ही सोय तुम्ही स्वतः करून ठेवली आहे.

2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा पूल वाहून गेला. त्यात दोन एसटी गेल्या, इतरही गाड्या गेल्या. एसटीची निदान डेपोत नोंद असते, कोणती गाडी कधी सुटली आणि कुठे पोचली नाही ते कळतं. तुमची नोंद फक्त तुमच्या बायकोकडे आहे आणि ती तुम्ही खोटी लिहवून घेताय.

वीस वर्षांत ओरखडा नाही, हे मला सांगू नका. हात तुमचा चांगलाच असणार. चढाला जो गिअर लागतो त्याच गिअरमध्ये उतरत असाल, ब्रेक तापू देत नसाल. पण 2021 च्या जुलैत याच आंबा घाटात दरडी आल्या, रस्ता खचला, अवजड गाड्या कितीतरी दिवस बंद होत्या. वरून माती सुटली की कोणाचाही हात चालत नाही. दिवसा निदान ती समोर आलेली दिसते. रात्री धुक्यात तुम्हाला स्वतःचं बोनेटही धड दिसत नाही.

राहिली घाई. ती कशाची आहे, मला खरंच कळलं नाही. पहाटे पोचून हमालांची वाट बघत केबिनमध्ये पडता, हे तुम्हीच लिहिलंय. म्हणजे झोप होतेच, फक्त घाटाच्या खाली जाऊन होते. ती वरच घ्या. मलकापूर ते रत्नागिरी नव्वद किलोमीटरच्या आतबाहेर. उजाडताच निघालात तर हमाल कामाला लागेपर्यंत गाडी दारात उभी असेल. आणि ई-वे बिलाचं कारण माझ्यापुढे चालायचं नाही. दर 200 किलोमीटरला एक दिवस मिळतो. तुमचा रस्ता पावणेपाचशेचा, म्हणजे तीन दिवस हातात. घाट बंद पडून त्याच्याही पुढे गेलात, तर मुदत संपायच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांत ती वाढवून घेता येते. नैसर्गिक आपत्ती हे कारण त्यात धरलेलं आहे.

बायकोला समजावायचं काही नाही. तिला तुमच्या हाताबद्दल शंका असेल असं मला वाटत नाही. तुमच्या सांगण्यात काहीतरी बसत नाही, एवढं तिला कळलेलं आहे. माणूस ढाब्यावर रात्रभर झोपून उठला, तर फोनवर त्याचा आवाज इतका थकलेला का असतो? गाडी विका हे तिथूनच आलंय.

तेव्हा एकच करा. पुढची खेप भरायच्या आधी घरी समोर बसून तिला सांगा, की मी मलकापुरात एकदाही झोपलो नव्हतो. ती रडेल, भांडेल, दोन दिवस बोलणार नाही. होऊ दे. मग या खेपेला मलकापुरात खरोखर गाडी लावा, फोन चालू ठेवून झोपा. निघताना तिला फोन, खाली साखरप्याला पोचलात की फोन. मधल्या वेळात तिनं करायचा नाही. घाटात वाजणारा फोन तुमच्या जिवावर बेतेल, हे तिला माझं नाव घेऊन सांगा.