विहिरीतून तळ्यात

लेकरा,

तुझा फोन आला तेव्हा मी आठवडी बाजारात होतो, नीट बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र. ट्रायथलॉन करायची आहे आणि जवळ दहा-बारा हजार आहेत, एवढं कळलं. भागेल तेवढ्यात. पहिल्या वेळेला स्प्रिंट, म्हणजे छोट्या अंतराची धर: ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर पळणं, सगळं एकापाठोपाठ.

पोलीस भरतीसाठी तू दोन वर्षं सोळाशे मीटर मारलेस, त्यामुळं पळण्याची मला काळजी नाही. फक्त ती सवय थोडी मोडावी लागेल. सोळाशेला पहिल्या पावलापासून जीव तोडायचा असतो, इथं दीड-दोन तास टिकायचंय. सोबत्याशी बोलता येईल एवढ्याच वेगानं जास्त दिवस पळ.

खरी गोष्ट पाण्याची आहे. आपली पोरं विहिरीत शिकतात, पाठीला डबा बांधून कुणीतरी ढकलून दिलं की झालं. बुडत नाहीत, पण डोकं वर ठेवून हातपाय मारतात. डोकं वर की पाय खाली, आणि पाय खाली गेले की शंभर मीटरात दम तुटतो. तोंड पाण्यात घाल, बुडबुडे सोडत राहा, मान कुशीला वळवून श्वास घे. सगळे श्वास घ्यायची धडपड करतात, अडतं मात्र सोडण्यापाशी. पहिले पंधरा दिवस काठ धरून एवढंच केलंस तरी मी खूश. पैसे इथं घाल: शहरातल्या पोहण्याच्या तलावाचा तीन महिन्यांचा पास आणि बरा गॉगल.

माझ्या पहिल्या शर्यतीत पन्नास मीटरवर मी गडबडलो. गढूळ पाणी, तळ दिसेना, शेजारच्याची लाथ खांद्यावर बसली आणि छाती आवळून आली. होडीवाल्यानं हाक दिली, मी होडीची कड धरली आणि बाद झालो असं समजून रडायलाच आलं. तसं नसतं रे. होडी किंवा बोया, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण, धरून दम खाता येतो, तिच्या आधारानं पुढं तेवढं सरकायचं नाही. उताणं पोहलं तरी चालतं. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुला आजच सांगतोय.

तळ्यात सरळ रेघ नसते. म्हणून आठ-दहा हातांनंतर डोळे पाण्याबाहेर काढून समोरची खूण बघायची. हे विहिरीतही घोटता येतं. पण एकट्यानं कधीच उतरू नकोस, आणि मोटार नुसती बंद नाही, स्टार्टरचा फ्यूज काढून खिशात ठेव. विहिरीत करंट उतरून माणसं गेलेली आहेत.

सायकल जुनी घे. माझी सात हजारांची होती, गिअरचीसुद्धा नाही धड. सीटची उंची तेवढी बघ: पॅडल सगळ्यात खाली असताना टाच टेकवली तर गुडघा सरळ व्हावा. आपल्या रस्त्यांवर वेड्या बाभळीचे काटे, त्यामुळं जास्तीची ट्यूब आणि छोटा पंप सोबत हवाच. पंक्चर स्वतः काढायला शीक, घरी दहा वेळा. हेल्मेट मात्र नवं घे, कुणाचं पडलेलं, आपटलेलं नको. आणि कारखाने सुरू झाले की दिवस उजाडल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नकोस. उसाच्या ट्रॉलीला मागं लाल दिवा असेलच असं नाही.

आठवड्यातून एकदा सायकलवरून उतरल्या उतरल्या दोन किलोमीटर पळ. पाय लाकडाचे वाटतील, पाच-सात मिनिटांनी सैल होतात. ही ओळख आधी झालेली बरी.

खाण्यावर वेगळा खर्च करू नकोस. ज्वारीची भाकरी, शेंगदाणे-गूळ, केळी, दही, अंडी चालत असतील तर अंडी. उन्हाळ्यात लिटरभर पाण्यात चहाचे सहा चमचे साखर, त्याच चमच्यानं अर्धा चमचा मीठ, वरून लिंबू. मार्चनंतर सराव सकाळी आठच्या आत आटप.

बुटांचं मात्र भरतीवेळचं जोडपं पुरे म्हणू नकोस. त्याचा तळ मी पाहिलाय, टाचेला पार घासलाय. उरलेले पैसे त्यात जाऊ दे.

रविवारी शेतावर ये. पाणी अजून पुरुषभर आहे. फ्यूज मी काढून ठेवतो आणि काठावर बसतो.

तुझा,
काका