सपाट रेघ दिसली म्हणून थांबू नकोस

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

खानापूरहून पाठवलेला लॅटिस क्यूसीडीचा, म्हणजे क्वार्कांना बांधणाऱ्या बलाचा अवकाश-काळाच्या जाळीवर केलेल्या हिशोबाचा, आलेख मिळाला. ऱ्हो मेसॉन या क्वार्क-प्रतिक्वार्कच्या कणाच्या वस्तुमानाची रेघ काळासोबत उतरत येते, थोडी सपाट होते आणि पुढे त्रुटीच्या काड्या एवढ्या लांबतात की काही वाचता येत नाही. त्या सपाट तुकड्याला तू कणाचं वस्तुमान म्हणालास. एवढी घाई नको.

ऑपरेटर, म्हणजे कण निर्माण करणारं गणिती साधन, तू क्वार्क-प्रतिक्वार्कचा बांधलास, पण क्वांटम अंक (स्पिन, म्हणजे कणाचं अंगभूत फिरणं, वगैरे ओळखखुणा) जुळणारी प्रत्येक अवस्था त्याच्या कोरिलेटरमध्ये, म्हणजे एका क्षणी निर्माण केलेलं पुढे किती उरतं त्या मापात, शिरते. एकमेकांविरुद्ध धावणारे दोन पायॉनही (पायॉन म्हणजे सर्वांत हलके मेसॉन). त्यांचा वाटा बारीक असतो, म्हणून गोंगाट वाढण्याआधी ते दिसतच नाहीत आणि पातळी चुकीच्या जागी बसते. तेव्हा दोन पायॉनांचे ऑपरेटरही घे, सगळ्यांचा एकमेकांशी कोरिलेटर काढून मॅट्रिक्स मांड आणि तिची आयगेनव्हॅल्यू सोडव, म्हणजे पातळ्या सुट्या होतील. ल्यूशर आणि वोल्फ यांनी 1990 मध्ये ही रीत पक्की केली. काम खर्चिक आहे. असे मॅट्रिक्स आटोपशीर खर्चात काढू देणारी डिस्टिलेशनची पद्धत 2009 मध्ये आली ती त्याचसाठी.

दुसरं मिसळणं जाळीमुळे होतं, ते वेगळं ओळखायला शीक. जाळीचा घन स्वतःवर जुळेल असे फिरवण्याचे प्रकार 24 च, त्यामुळे स्पिन 2 ची अवस्था E आणि T2 अशा सममितीच्या दोन घरांत फुटते, आणि A1 या घरात स्पिन 0 शेजारी स्पिन 4 येऊन बसतो. जाळीच्या बिंदूंमधलं अंतर कमी करत गेलास की E आणि T2 च्या पातळ्या एकत्र येतात. पायॉनांचं मिसळणं मात्र अंतर कितीही कमी केलंस तरी जात नाही, कारण ते निसर्गातलंच आहे.

ग्लूबॉलचं, म्हणजे क्वार्कांना बांधणाऱ्या ग्लुऑनांच्याच बनलेल्या कणाचं, कोडं मला म्हणूनच फार मोलाचं वाटतं. मॉर्निंगस्टार आणि पीअर्डन यांनी 1999 मध्ये क्वार्क वगळून हिशोब केला, तेव्हा सर्वांत हलका ग्लूबॉल 1.7 जीईव्हीच्या (कणांच्या वस्तुमानाचं एकक) आसपास आला. प्रत्यक्षात त्या भागात एफ-शून्य नावाचे 1370, 1500 आणि 1710 (वस्तुमान जीईव्हीच्या हजारांशांत) असे तिघे कण आहेत आणि साध्या क्वार्क-चित्रात जागा दोघांचीच. ग्लुऑनचा अंश कुणात किती, हा वाद अजून मिटलेला नाही. तुझ्या पिढीला इथे खरोखर काम आहे.

पावसाळ्यात तिकडे लाईट जाणारच. एकेका कॉन्फिगरेशनचे (जाळीवरच्या ग्लुऑन-क्षेत्राच्या नमुन्याचे) प्रोपगेटर, म्हणजे क्वार्कच्या प्रवासाचे आकडे, झाले की लगेच डिस्कवर उतरवत जा.

रविवारी बेळगावला ये. येताना आयगेनव्हेक्टरही आण. कुठल्या पातळीत कोणता ऑपरेटर किती आहे, ते आपण एकेक करून पाहू.