पंचविसाव्या वर्षी परदेशी संघाला बोलावताय? आधी आपला संघ ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवी मुंबईत नेरूळच्या तुमच्या फुटबॉल क्लबला पुढच्या वर्षी पंचवीस वर्षं होतायत. एका इव्हेंट कंपनीचा प्रस्ताव आलाय की युरोपातल्या एका जगप्रसिद्ध क्लबचे माजी खेळाडू, आणि जमलं तर सध्याचे दोघंतिघं, तुमच्या क्लबशी फ्रेंडली खेळायला आणू. मैदान डी. वाय. पाटील. क्लबने आत्ता दहा लाख ॲडव्हान्स भरायचे, बाकीचं स्पॉन्सर बघतील. हे खरंच होऊ शकतं का, आणि हो म्हणावं का?

होऊ शकतं. पण तुम्ही टाकलेला प्रस्ताव मी दोनदा वाचला. त्यात हॉटेल आहे, स्क्रीन आहे, डीजे आहे, बक्षीस समारंभ आहे. तुमच्याकडून मैदानात कोण उतरणार, हे मात्र कुठेच नाही. माझ्या मते सगळा निर्णय तिथेच आहे. त्याच्याकडे येतोच, आधी शक्यतेबद्दल.

आपल्याकडे झालेले असे सामने काढून बघा. येणाऱ्याला इकडे येण्याचं स्वतःचं कारण होतं. 24 सप्टेंबर 1977 ला पेले ईडन गार्डन्सवर मोहन बागानविरुद्ध खेळला, तेव्हा त्याची निवृत्ती आठवड्यावर आली होती आणि त्याचा न्यूयॉर्कचा क्लब कॉसमॉस आशियाच्या दौऱ्यावर होता. 27 मे 2008 ला बायर्न म्युनिक कोलकात्यात सॉल्ट लेकवर मोहन बागानशी खेळला, तो मोसम संपल्यानंतरचा दौरा. हाच बायर्न जानेवारी 2012 मध्ये दिल्लीला आला, भारताचा माजी कर्णधार बायचुंग भुतियाच्या निरोपाच्या सामन्याला, कारण जर्मनीत तेव्हा हिवाळ्याची सुट्टी चालू होती आणि संघ दोह्याला सरावासाठी आलेलाच होता. ऑक्टोबर 2011 मध्ये इंग्लंडचा ब्लॅकबर्न रोव्हर्स बालेवाडीत पुणे एफसीशी खेळून गेला. त्याचं कारण तर उघडच होतं, क्लबचे मालक पुण्याचे.

तेव्हा कंपनीला पहिला प्रश्न हा विचारा की तो संघ नेमका त्याच आठवड्यात भारतात का येतोय. पुढे कुठे जातोय, मागून कुठून येतोय? याचं सरळ उत्तर मिळालं नाही तर दौरा अजून फक्त कागदावर आहे असं समजा.

तारखेचंही तसंच. युरोपातल्या चालू संघांना मोकळीक मिळते ती जुलैत आणि ऑगस्टच्या सुरुवातीला. तेव्हा आपल्याकडे पाऊस असा असतो की नेरूळच्या कुठल्याही मैदानावर पाय घोट्यापर्यंत रुततो. उरतो फक्त मेचा शेवटचा आठवडा, आणि त्यावर भरवसा ठेवता येत नाही. म्हणजे ‘सध्याचे दोघंतिघं’ हे वाक्य मी सरळ खोडलं असतं. माजी खेळाडूंचं मात्र जमू शकतं. एप्रिल 2025 मध्ये बार्सिलोना आणि रेआल माद्रिदचे माजी खेळाडू याच डी. वाय. पाटीलवर एकमेकांशी खेळले, हे तुम्हाला माहीतच आहे.

आता खेळणार कोण ते. कंपनी तुम्हाला सांगेल की सामना चुरशीचा व्हायला हवा, लोक पैसे मोजून येणार, म्हणून तुमच्या जर्सीत चार-पाच आयएसएलचे (इंडियन सुपर लीगचे) पाहुणे खेळाडू घालू, एखादा नट घालू. याला ठाम नाही म्हणा. पंचवीस वर्षं ज्या मुलांनी आणि ज्यांच्या आईवडिलांनी हा क्लब चालवला, त्यांचा हा दिवस आहे. जर्मनीत टेगर्नझे तलावाकाठी रोटाख-एगर्न नावाचं छोटं गाव आहे. बायर्न तिथे अनेकदा सरावशिबिराला गेलाय आणि गावच्या क्लबशी खेळलाय. 2019 मध्ये बायर्नने 23-0 ने हरवलं, 2023 मध्ये 27-0 ने. तरी तो सामना पुन्हापुन्हा झाला, कारण तो त्या गावच्या क्लबचाच असतो. मोठ्या फरकाने हरण्यात काहीही कमीपणा नाही. आपल्याच पंचविशीत आपली मुलं बाकावर बसलेली बघणं मला तरी सहन होणार नाही.

फ्रेंडलीत याची सोयसुद्धा आहे. दोन्ही संघांनी ठरवून रेफरीला आधी कळवलं तर हवे तेवढे बदली खेळाडू घेता येतात. पहिल्या हाफला एक अकरा, दुसऱ्याला दुसरे अकरा. क्लबचा पहिला कॅप्टन आज चाळिशीत असेल, त्याला शेवटची दहा मिनिटं द्या. आणि मुख्य सामन्याआधी तुमच्या मुलींचा सामना ठेवा. 30 ऑक्टोबर 2022 ला याच मैदानावर सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाची फायनल झाली, स्पेनने कोलंबियाला 1-0 ने हरवलं. त्या गवतावर आपल्या मुलींनी चाळीस मिनिटं खेळणं ही माझ्या लेखी मुख्य सामन्याइतकीच मोठी गोष्ट आहे.

मात्र मुलांना तयार करावं लागेल, आणि त्याला महिने लागतात. आपली बहुतेक पोरं टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर वाढलेली, पाच किंवा सात जणांच्या मॅचेस खेळलेली. पूर्ण मैदान 105 बाय 68 मीटरचं असतं. साइडबॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, एकदा वर गेला की परत येताना त्याला कळतं ते किती लांब आहे. स्थानिक स्पर्धांमध्ये मी दर वेळी बघतो, मुलं टर्फचे बूट घालून गवतावर येतात, तळाचे रबरी दाणे झिजून सपाट झालेले. मॅचआधी पाणी मारलेल्या गवतावर पहिल्याच वळणाला पाय सटकतो आणि पुढचा अर्धा तास मुलगा भीतभीत पळतो. सगळ्यांना स्टड असलेले बूट आत्ताच घ्यायला लावा, ते पायात रुळायला हवेत. ज्यांना परवडत नाहीत त्यांचे क्लबने घ्यावेत, स्पॉन्सरकडे मागायची पहिली वस्तू ही. नेरूळचं यशवंतराव चव्हाण मैदान किंवा खारघरचं सिडकोचं फुटबॉल मैदान आठवड्यातून एकदा तरी मिळतंय का बघा.

कागदपत्रांचं आता. परदेशी संघाशी सामना म्हणजे परवानगी वरपर्यंत लागते: तुमची जिल्हा संघटना, तिथून विफा (राज्याची फुटबॉल संघटना), तिथून एआयएफएफ (देशाचा फुटबॉल महासंघ). समोरच्या संघाकडेही त्यांच्या फेडरेशनची परवानगी हवी. नेरूळ ठाणे जिल्ह्यात येतं. सामना ऐनवेळी खारघरला हलवायचा झाला तर ते रायगडात जातं, हे लक्षात असू द्या. परवानगीशिवाय खेळलात तर तुमच्या नोंदणी झालेल्या खेळाडूंवर कारवाई होऊ शकते, आणि ती मुलांना भोवते, कंपनीला नाही. कंपनीकडे फिफाचा परवाना असलेला मॅच एजंट आहे का, हेही लेखी घ्या.

पैशाबाबत मी कडक बोलतो, कारण ठाण्यातल्या एका क्लबचं काय झालं ते जवळून पाहिलंय. एका कंपनीने त्यांचं नाव वापरून मोठा सामना जाहीर केला. मंडप, साउंड, जनरेटर, सगळ्यांच्या ऑर्डरवर क्लबच्या सेक्रेटरीची सही होती. स्पॉन्सर फिरला, सामना झालाच नाही, आणि मंडपवाला वसुलीला सेक्रेटरीच्या घरी आला. तो क्लब पुढे दोन मोसम मुलांना नवं किट देऊ शकला नाही. म्हणून तुमच्या लेटरहेडवर एकही ऑर्डर जाऊ देऊ नका. दहा लाख द्यायचेच असतील तर तिऱ्हाइताकडे ठेवा, संघाची विमानतिकिटं निघाल्यावरच ते सुटतील असं करारात लिहा. परदेशी खेळाडूंच्या मानधनावर 20 टक्के टीडीएस आणि वर सेस असतो. तो कापून भरायची जबाबदारी कोणाची, तेही लिहून घ्या, नाहीतर ती नोटीस तुमच्या पत्त्यावर येईल. तुमची संस्था ट्रस्ट असेल आणि कोणी परदेशातून देणगी देतो म्हणाला, तर एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीशिवाय एक रुपयाही घेऊ नका.

पोस्टरवर एकाच खेळाडूचा चेहरा लावू देऊ नका. 6 नोव्हेंबर 2023 ला सौदी अरेबियाचा अल-हिलाल मुंबई सिटीशी खेळायला डी. वाय. पाटीलला आला, तो अधिकृत स्पर्धेचा सामना होता. लोकांनी वाट पाहिली होती त्यांच्या नेमारची. त्याचा गुडघा ऑक्टोबरमध्येच ब्राझीलकडून खेळताना गेला. संघ आला, 2-0 ने जिंकला, सामना चांगला झाला, पण निम्मी चर्चा नेमार न आल्याचीच. माजी खेळाडू तर पाठ धरली म्हणूनही येत नाहीत. यादीतले किमान किती जण आले पाहिजेत आणि कमी आले तर किती रक्कम परत, हे कलम हवंच.

मैदानाचं एक. डी. वाय. पाटील मुळात क्रिकेटचं आहे. मधोमध कडक मातीचा चौकोन असतो, त्यावर फुटबॉलसाठी गवत बसवावं लागतं आणि ते मुरायला वेळ लागतो. आधीच्या महिन्यात तिथे क्रिकेट असेल तर चौकशी आजच करा. पाहुण्या संघाचा मॅनेजर आदल्या दिवशी सगळ्यात आधी त्या चौकोनावर जाऊन टाच रोवून बघेल.

आणि एवढं मोठं स्टेडियम तुम्हाला खरंच हवंय का? पाच हजार लोक तिथे विखुरले की मैदान ओसाड दिसतं. एकच स्टँड उघडा, शाळांना आणि इतर छोट्या क्लबांना तिकिटं आधी द्या. बंदोबस्त, रुग्णवाहिका, स्टुअर्ड, सगळा खर्च त्याने खाली येतो.

फुकट पासांचा त्रास आत्तापासून धरून चाला. सामना जाहीर झाल्यावर ज्यांनी कधी क्लबचं तोंड पाहिलं नाही त्यांचेही फोन येतील. पासांची यादी एकाच माणसाच्या हातात द्या आणि पास असला तरी मैदानावर प्रवेश नाही, हे छापून टाका. डिसेंबर 2025 मध्ये कोलकात्यात मेस्सीभोवती मान्यवरांचं इतकं कडं पडलं की स्टँडमधल्यांना तो नीट दिसलाच नाही, आणि खुर्च्या, बाटल्या मैदानात आल्या. लोकांनी पैसे दिले होते ते त्याला बघायला. तुमच्याकडे साइडलाइनच्या आत खेळाडू, रेफरी, फिजिओ आणि बॉलबॉय, एवढेच.

सामना रविवारी असेल तर हार्बर रेल्वेच्या मेगाब्लॉकचं वेळापत्रक बघून वेळ ठरवा आणि रेल्वेला महिनाभर आधी पत्र द्या. नवी मुंबईच्या बससेवेकडे, एनएमएमटीकडे, नेरूळ स्टेशनवरून जादा गाड्या मागा. रात्री दहानंतर लाउडस्पीकर चालत नाही, तेव्हा किकऑफ साडेसहाच्या पुढे नको, मेमध्ये तर दमटपणामुळे पाणी प्यायला मध्ये थांबावंच लागेल.

पाहुण्यांकडून मी सामन्याव्यतिरिक्त एकच गोष्ट मागितली असती: आदल्या दिवशी सकाळी तुमच्या स्वतःच्या मैदानावर दोन तास लहान मुलांबरोबर सराव. माजी खेळाडू बहुतेक आनंदाने येतात. गोलकीपरला गोलकीपरने दहा मिनिटं हात कसे ठेवायचे ते दाखवलं तर ते त्या मुलाला आयुष्यभर पुरतं. कंपनी म्हणेल याला वेळ नाही. मग डीजे कमी करा म्हणावं.

कंपनीने हे मानलं नाही तर पंचविशी अडत नाही. मुंबई सिटीच्या युवा संघाला बोलवा. विफाकडे विचारून ठेवा, मुंबईत कुठला बाहेरचा संघ येतोय का. बंदरात परदेशी नौदलाचं जहाज लागलं की त्यांचे खलाशी स्थानिक संघांशी आवडीने खेळतात. खर्च फार नाही, आणि खेळणारी सगळी तुमचीच.

सध्या सही करू नका. कंपनीला लेखी विचारा: त्या क्लबचं अधिकृत पत्र कुठे आहे, आणि आमचे बावीस खेळाडू आम्ही निवडणार हे मान्य आहे का. उत्तर आलं की कराराचा मसुदा नावं झाकून इथे टाका, कलम-कलम बघतो.