पाइप गॅसवरची जुनी शेगडी सिलिंडरला जोडताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: घर बदलणाऱ्या एका कुटुंबाकडून तीन बर्नरची, काचेची शेगडी घेतली. त्यांच्याकडे पाइपचा गॅस होता, तुमच्याकडे १४.२ किलोचा सिलिंडर आहे. नवी नळी लावली की झालं का?

नाही. नळी नंतर, आधी जेट बघा. बटणामागे गॅस चालू-बंद करणारी तोटी असते, तो कॉक. त्याच्या तोंडाशी पितळेचा बारीक भोकाचा तुकडा असतो, तो जेट. बर्नरला किती गॅस जायचा हे त्या भोकावर ठरतं. पाइपच्या गॅसमध्ये घनमीटरमागे सिलिंडरच्या गॅसपेक्षा निम्म्याहून कमी उष्णता असते, शिवाय त्याचा दाबही कमी असतो: घरात साधारण २१ मिलिबार, तर सिलिंडरच्या रेग्युलेटरमधून साधारण ३०. म्हणून पाइप गॅसच्या शेगडीत जेटचं भोक मोठं असतं. त्याच भोकातून सिलिंडरचा गॅस सोडला तर बर्नर नेमून दिलेल्या उष्णतेच्या जवळपास दुप्पट फेकतो आणि एवढ्या गॅसला लागणारी हवा आत ओढली जात नाही. पिवळी, लांब, डोलणारी ज्योत दिसते, भांड्यांना काजळी धरते, बटणं तापतात. बंद स्वयंपाकघरात कार्बन मोनॉक्साइड साचतो, आणि त्याला ना रंग ना वास.

मुंबई-पुण्यात विकायला येणाऱ्या बऱ्याच शेगड्या मुळात सिलिंडरच्याच असतात. पाइप आल्यावर त्यांचे जेट बदललेले असतात किंवा तेच जेट ड्रिलने मोठे केलेले असतात. त्यामुळे खालच्या पट्टीवर ‘एलपीजी’ लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका. बर्नर आणि जाळ्या काढा, शेगडी उलटी करा आणि जेटचं तोंड टॉर्चच्या उजेडात बघा. भोक वाकडं, कडा खरबरीत किंवा जेटवरचा आकडा खोडलेला दिसला तर तो ड्रिल केलेला आहे. असा जेट ठोकून बारीक करून देणारे कारागीर भेटतात, त्यांच्या नादी लागू नका. भोक गोल राहत नाही आणि गॅसची धार तिरकी सुटते.

त्या मॉडेलचे सिलिंडरसाठीचे जेट कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून किंवा शेगडीचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानातून आणा. जुने जेट आणि बर्नर सोबत न्या, कारण मोठ्या आणि लहान बर्नरचे जेट वेगळे असतात. अदलाबदल झाली की लहान बर्नर भडकतो आणि मोठा मरगळतो. जेट बसवायला मापाचा बॉक्स पाना हवा, पकडीने पितळेच्या कडा झिजतात. आट्यांवर टेफ्लॉन टेप किंवा एम-सील लावायचं नाही. चोंदलेला जेट मोकळा करायला जुन्या रॉकेलच्या स्टोव्हच्या सवयीने पिन घालणंही टाळा, भोक वाढतं. साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून फुंकर मारली की बहुधा काम होतं. बर्नरखालची मिश्रणनळी मात्र ब्रशने नीट साफ करा. बंद पडून राहिलेल्या शेगडीत तिथे कोळ्याचं जाळं हमखास सापडतं, आणि ज्योत पिवळी होण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे.

हे जेटचं काम स्वतः करायला हात शिवशिवत असले तरी पहिली जोडणी आपल्या गॅस एजन्सीच्या मेकॅनिककडून तपासून घ्याच. शेगडीवर आयएसआय खूण आणि आयएस ४२४६ हा आकडा असावा. मुळात पाइप गॅससाठीच बनलेली शेगडी असेल आणि कंपनी तिचे सिलिंडरचे जेट देत नसेल, तर ती सिलिंडरला जोडू नका. स्वस्त पडली म्हणून जुगाड करण्याची ही जागा नाही.

कॉकही बघा. बटण दाबूनच फिरलं पाहिजे आणि मधे अडकता कामा नये. आतलं ग्रीस वाळलं की बटण जड होतं, मग लोक त्यात खोबरेल तेल सोडतात. तेल आठ दिवस बरं वाटतं, नंतर चिकट होऊन कॉक गळायला लागतो. कॉक खोलून त्याचं उष्णता सोसणारं ग्रीस भरणं हे मेकॅनिकचं काम. काचेच्या कडेला टवका उडालेला असेल तर शेगडी परत करा: ही काच टफन केलेली असते, एकदा कडेला मार बसला की पुढे कधीतरी तापल्यावर एकदम फुटून तिचा चुरा होतो.

आता नळी आणि रेग्युलेटर. शेगडीबरोबर आलेली नळी कितीही नवी दिसली तरी टाकून द्या. विकणाऱ्याने रेग्युलेटर देऊ केला तर तोही नको. रेग्युलेटर तुमच्या कनेक्शनवर एजन्सीने दिलेलाच वापरा. हॉटेलच्या भट्टीला लावतात तो दाब कमीजास्त करता येणारा रेग्युलेटर घरच्या शेगडीला कधीही चालत नाही. नळी नारंगी रंगाची, आत तारेची जाळी असलेली ‘सुरक्षा’ नळी घ्या, आयएस ९५७३ छापलेली. त्या जाळीमुळे उंदराने कुरतडली तरी लगेच आरपार जात नाही. तिच्यावर तारीख छापलेली असते आणि ती ५ वर्षांनी बदलायची असते. लांबी दीड मीटरपर्यंत पुरते. दोन तुकडे जोडून लांब करायची नाही, भिंतीतून किंवा शेगडीच्या मागून न्यायची नाही, वर कापड किंवा प्लास्टिक गुंडाळायचं नाही. झाकलेल्या नळीची चीर दिसत नाही.

नळी बसवताना टोकाला साबणाचं पाणी लावा आणि शेगडीच्या नॉझलवरच्या सगळ्या खाचा झाकल्या जाईपर्यंत रेटा. तेल लावू नका आणि टोक गरम करून पसरवू नका. हाताने ओढल्यावर निघते ती नळी मापाची नाही, क्लॅम्प आवळून ती मापाची होत नाही.

शेगडी ओट्यावर आणि सिलिंडर खाली जमिनीवर उभा, अशीच मांडणी हवी. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत पसरतो. त्यामुळे ओट्याखालच्या कपाटात सिलिंडर ठेवत असाल तर दाराला तळाशी हवा खेळायला भोकं हवीत. पाइपचा गॅस हलका, वर जातो. म्हणूनच पाइपच्या घरात छताजवळची जाळी पुरेशी असते, तुमच्याकडे ती पुरणार नाही.

सिलिंडर जोडण्याआधी देवापुढचा दिवा आणि उदबत्तीसुद्धा विझवा. सील काढल्यावर व्हॉल्व्हच्या आत काळी रबरी रिंग आहे का आणि ती अखंड आहे का ते बघा. ती नसेल तर रेग्युलेटर कितीही नीट बसवला तरी गॅस गळणार. मग सिलिंडर परत. रेग्युलेटरचं बटण बंद ठेवून खालची कडी वर धरा, किंचित फिरवत व्हॉल्व्हवर दाबा, कडी सोडून खाली ढकला. ‘खट्’ आवाज यायला हवा.

मग शेगडीची सगळी बटणं बंद ठेवून रेग्युलेटर चालू करा आणि भांड्यांच्या साबणाचा दाट फेस ब्रशने लावा: व्हॉल्व्ह, नळीची दोन्ही टोकं, नळीची पूर्ण लांबी, शेगडीची मागची पाइप, प्रत्येक कॉक, आणि प्रत्येक जेटचं तोंड. बटण बंद असताना जेटच्या तोंडावर बुडबुडा फुगला तर तो कॉक गळतो आहे. प्रत्येक ठिकाणी मिनिटभर थांबा, बारीक गळतीचा बुडबुडा सावकाश येतो. काडी ओढून गळती शोधणारे अजून आहेत, म्हणून लिहितो: हवेत सुमारे २ टक्के गॅस झाला तरी तो पेट घेतो.

सगळं ठीक असेल तर फेस पुसून एकेक बर्नर पेटवा. ज्योत निळी, आवाज न करणारी, भोकांना चिकटलेली हवी. टोकं पिवळी म्हणजे हवा कमी. ज्योत भोकांपासून सुटून वर तरंगत असेल तर हवा जास्त किंवा गॅसचा दाब जास्त. आणि ‘फट्’ असा आवाज होऊन खालून घरघर यायला लागली तर ज्योत जेटपाशी पेटली आहे: लगेच बटण बंद करा, थंड होऊ द्या, बर्नर नीट बसलाय का ते बघा. बारीक आच ठेवून उकळतं पाणी सांडून बघायची गरज नाही, पण खिडकीच्या वाऱ्याने बारीक आच विझते का हे जरूर बघा. विझत असेल तर शेगडीची जागा बदला.

वास आलाच तर रेग्युलेटर बंद करा, तो काढून व्हॉल्व्हवर टोपी बसवा, दारंखिडक्या उघडा. दिव्याचं किंवा एक्झॉस्ट फॅनचं बटण लावू नका आणि बंदही करू नका, ठिणगी दोन्ही वेळा पडते. बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकाला फोन करा, तो चोवीस तास चालतो.

ड्रिल केलेले जुने जेट ‘पुढे पाइप आला तर लागतील’ म्हणून ठेवू नका. पाइप आल्यावर गॅस कंपनीचा माणूस शेगडीचे जेट बदलून देईल, त्या वेळी आत्ताचे जेट पुडीत घालून वर ‘सिलिंडर’ लिहून ठेवायला सांगा.