ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलेली जुनी जमीन जीपीआरने (जमिनीत रेडिओ लहर सोडून तिचं परावर्तन टिपणाऱ्या रडारने) दिसते का? आणि खोलीचा आकडा खड्डा खणल्यावर का जुळत नाही?

दिसते, कोरड्या राखेत तर फारच स्वच्छ दिसते. एल साल्वाडोरमधलं होया दे सेरेन हे गाव सुमारे १४०० वर्षांपूर्वी लोमा काल्देरा ज्वालामुखीच्या राखेखाली चार-पाच मीटर गाडलं गेलं. तिथली घरं शोधायला १९७९ पासून जीपीआर वापरलं गेलं. घरांच्या चोपून बसवलेल्या मातीच्या जमिनी वरच्या सच्छिद्र राखेपेक्षा घट्ट आणि ओलसर, म्हणून परावर्तन ठळक येतं.

खोली चुकते, कारण यंत्र खोली मोजतच नाही. लहर जाऊन परत यायला लागलेला वेळ तेवढा ते मोजतं. समजा ८० नॅनोसेकंद लागले. वेग नॅनोसेकंदाला ०.१२ मीटर धरला तर खोली ४.८ मीटर, ०.०८ धरला तर ३.२. तीच राख कोरडी असताना पहिला वेग देते आणि पावसाने भिजली की दुसरा. त्यामुळे तक्त्यातला आकडा भरू नका, वेग जागेवरच काढा.

खड्डा किंवा उघडी दरड असेल तर तिच्या भिंतीत बरोबर १ मीटर खोलीवर लोखंडी सळई आडवी, निदान अर्धा मीटर आत ठोका. मग कडेला समांतर, सळईच्या वरून अँटेना ओढा. नोंदीत उपड्या टोपलीसारखी कमान उमटेल. शून्य वेळ आधी जमिनीच्या पृष्ठभागावर आणा, मगच कमानीच्या माथ्याचा वेळ वाचा. १७ नॅनोसेकंद आले तर २ भागिले १७, म्हणजे सुमारे ०.१२. पाऊस पडून गेला की हे पुन्हा करायचं, कंटाळा करू नका.

पाच मीटरसाठी १०० किंवा २०० मेगाहर्ट्झचा अँटेना घ्या आणि नोंदीची मुदत १६० नॅनोसेकंद ठेवा. १०० मेगाहर्ट्झला कोरड्या राखेतही ३० सेंटिमीटरपेक्षा पातळ थर एकमेकांत मिसळतात. प्रत्येक रेघ म्हणजे एक उद्रेक, असं म्हणूनच समजू नये.

जमिनीचे चढउतार नोंदीत भरले नाहीत तर टेकाडाखालची सपाट जुनी जमीन खळग्यासारखी दिसते. झाडं आणि विजेच्या तारा यांच्याही कमानी येतात, ज्या ०.३ च्याच वेगाला जुळतात त्या हवेतून आलेल्या, त्या सोडून द्या. राख कुजून चिकणमाती झाली असेल तर मात्र इलाज नाही. आपल्याकडच्या काळ्या मातीत होतं तसंच, ओल असली की मीटरभरातच लहर विरते.